सव्वा, साडे, पावणे: जर्मन शिकवणाऱ्या मॅडमना आभाराचे पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

वर्षअखेरीला वॉर्डाची काय अवस्था असते ते तुम्हाला नेमके माहीत होते. उरलेल्या किरकोळ रजा ३१ डिसेंबरला बुडतात, पुढच्या वर्षात नेता येत नाहीत. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत जो तो रजा संपवायला बघतो आणि मागे राहिलेल्यांवर डबल ड्युटी येते. नोकरी करून जर्मन शिकणाऱ्या नर्सचा क्लास सुटतो तो बहुधा याच दिवसांत, आणि जानेवारीत पुन्हा धागा सापडत नाही. आमचा सुटला नाही, याचे श्रेय तुमचे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून या भाषेकडे वळणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर वाढले आहेत. तुमची पद्धत त्यांनाही कळावी म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

तुम्ही पुस्तक उघडण्याआधी ड्युटी लिस्ट मागितलीत. अभ्यास पाळीप्रमाणे बदलायचा, हा तुमचा पहिला नियम. सकाळ पाळीच्या दिवशी संध्याकाळी नवे व्याकरण आणि बारा नवे शब्द. दुपार पाळी असेल तर ड्युटीला निघण्याआधी पाऊण तास, त्यात फक्त लेखन. नाईटच्या दिवसांत नवीन काहीही नाही. आधी ऐकलेलेच पंधरा मिनिटे पुन्हा ऐकायचे. नाईट उतरून आल्यावर पाठ केलेली आर्टिकल्स (नामाआधी लागणारे, त्याचे लिंग सांगणारे छोटे शब्द) एकमेकांत मिसळतात आणि मग चुकीचे पाठ झालेले पुसायला दुप्पट वेळ जातो, हे तुमचे म्हणणे तंतोतंत खरे आहे. ऑफच्या दिवशी सहा तास बसून आठवड्याची भरपाई करण्यालाही तुमचा ठाम विरोध होता. पाच दिवस खंड पडला की त्यातले थोडेच उरते.

पण सगळ्यांत मोठे उपकार दुसरेच आहेत. तुम्ही जर्मन इंग्रजीवरून न शिकवता मराठीवरून शिकवलीत.

आकड्यांचेच घ्या. जर्मनमध्ये ८३ म्हणजे 'द्रायउंडआख्त्सिश', आधी तीन, मग ऐंशी. इंग्रजीच्या सवयीने ऐकणारा 'द्राय' कानावर पडताच ३ लिहितो आणि नाडीचे ठोके ८३ ऐवजी ३८ होऊन बसतात. आपले 'त्र्याऐंशी' याच क्रमाने चालते. एकवीस, बावीस, एकशे एकवीस, सगळे तसेच. आकडा पूर्ण ऐका, मनात मराठीत म्हणा, मगच लिहा, एवढ्या तीन पायऱ्यांनी ही चूक जवळजवळ थांबली. वेळेचेही तसेच. 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेआठ नव्हे, साडेसात. 'फिअर्टेल फोर आख्ट' हे पावणेआठ. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागांत मात्र नुसते 'फिअर्टेल आख्ट' म्हणतात आणि त्याचा अर्थ सव्वासात. 'द्रायफिअर्टेल आख्ट' म्हणजे पावणेआठ. आठाच्या दिशेने पाव सरले, अर्धा सरला, पाऊण सरला, अशी ती मोजणी आहे. तिथली पाळी कधी सुरू होते ते याच बोलीत कळणार, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेत.

क्रियापदाबाबतही मराठी कान कामाला आला. डॉक्टर म्हणतात, 'वीर झेट्सन दास अँटिबिओटिकुम हॉयटं आप' आणि दुसऱ्या वेळी तेच वाक्य 'आन' वर संपते. 'आप' म्हणजे अँटिबायोटिक आज बंद, 'आन' म्हणजे आज सुरू. सगळा निर्णय शेवटच्या एका अक्षरात! आपल्याकडेही 'अँटिबायोटिक आजपासून...' इतके ऐकून कोणी हात हलवत नाही, 'बंद' की 'सुरू' याची वाट बघतो. तीच सवय तिथे लावा, असे तुम्ही म्हणालात आणि विलग होणारी क्रियापदे, म्हणजे ज्यांचा एक तुकडा असा वाक्याच्या शेवटी जातो ती, एका संध्याकाळीत समजली.

लिंगाच्या बाबतीत मात्र तुम्ही वेळीच सावध केलेत. तो-ती-ते असल्यामुळे तीन लिंगांची कल्पना आपल्याला नवी नाही, पण लिंग जुळेलच असे नाही. पाणी, रक्त, पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. हात तिकडे स्त्रीलिंगी, नाकही स्त्रीलिंगी, ताप नपुंसकलिंगी. म्हणून शब्द कधीच सुटा लिहायचा नाही. पुल्लिंगी 'डेर' निळ्या शाईने, स्त्रीलिंगी 'डी' लाल, नपुंसकलिंगी 'दास' हिरव्या, आणि अनेकवचन त्याच कार्डावर.

वॉर्डातल्या लघुरूपांचे तुमचे ते एक पान तर क्लासच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचे आहे. आपल्या चार्टवर आरआर म्हणजे श्वसनाचा वेग. जर्मन चार्टवर आरआर म्हणजे रक्तदाब, १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचे यंत्र करणाऱ्या रिव्हा-रोच्ची यांच्या नावावरून. श्वसनाला तिथे एएफ लिहितात. एचएफ पाहून आपल्याला हार्ट फेल्युअर आठवते, तिथे ते हृदयाचे ठोके. मग टिंब आणि स्वल्पविराम. जर्मनीत २,५ म्हणजे अडीच आणि ५.००० म्हणजे पाच हजार. हेपारिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, ऑर्डरमध्ये हा फरक चुकला तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. औषधांच्या वेळाही १-०-१ अशा तीन नाहीत, बहुधा चार असतात: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र.

बी २ या पातळीच्या जर्मन परीक्षेचे गणितही तुम्हीच सोपे केलेत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत वाचन ६५ मिनिटे, श्रवण ४०, लेखन ७५. हेच तीन तास झाले, शिवाय जोडीने पंधरा मिनिटे बोलणे. प्रत्येक भागात १०० पैकी ६० हवेत. चारही भाग एकदम द्यावे लागत नाहीत, हे पुष्कळांना माहीतच नसते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ऑफ आणि त्याच्या आदल्या रात्री नाईट नको, ही विनंती लिस्ट लागण्याआधी इन्चार्ज सिस्टरांकडे लेखी द्यायची, ही सूचना छोटी पण फार उपयोगाची. नाव पासपोर्टवर आहे तसेच भरायचे, हीदेखील. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांच्या नर्सिंग कौन्सिलच्या कागदांवर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असते आणि ते निस्तरण्यात महिने जातात.

आणि पेशंटला आजी-बाबा म्हणायचे नाही, हे तुम्ही किती हळुवारपणे समजावलेत. आपल्या तोंडी ती माया असते, तिथल्या वृद्धाला तो अनादर वाटू शकतो. 'फ्राउ' किंवा 'हेर' लावून आडनाव आणि कायम 'झी', म्हणजे आपले 'तुम्ही'.

आमच्यातल्या सगळ्यांच्या जानेवारीच्या लिस्टा या पत्रासोबत पाठवत आहोत. ज्यांच्या नावापुढे ५ ते ९ तारखेला नाईट आहे, त्यांना त्या दिवसांत फक्त ऐकायचे पाठवा. लघुरूपांच्या पानाच्या वीस झेरॉक्स काढल्या आहेत, नव्या बॅचला पहिल्याच दिवशी देऊ.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि मनापासून आभार.

आपले,
संध्याकाळच्या बॅचमधील सिस्टर आणि ब्रदर