राजीनाम्यावर सही करण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांत ऑर्डरी घटल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग एखादी पाळी, मग ठेकेदाराकडची माणसे कमी होतात. इथल्या फौंड्र्या (धातू ओतून भाग बनवणारे कारखाने) आणि मशीन शॉप मोटार व ट्रॅक्टर कंपन्यांच्या मागणीवर चालतात, त्यामुळे असे दिवस अधूनमधून येणारच. मंदी लांबली की कायम कामगारालाही काही ठिकाणी सांगितले जाते, ‘राजीनामा लिहून दे, हिशेब लगेच करतो.’ घरी हप्ते थकलेले असतात. माणूस सही करून मोकळा होतो.

सगळ्यात मोठे नुकसान त्या सहीनेच होते. सलग एक वर्ष, म्हणजे वर्षभरात किमान २४० दिवस, काम झालेल्या कामगाराला मालकाने कमी केले तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. राजीनामा दिला की या दोन्हींवरचा हक्क जातो. ग्रॅच्युइटी वेगळी. सलग पाच वर्षे भरली असतील तर ती राजीनाम्यानंतरही मिळते. शेवटचा बेसिक व डीए १३,००० रुपये आणि नोकरी ८ वर्षांची असेल, तर १३,००० ला २६ ने भागून १५ ने गुणायचे, त्याला पुन्हा ८ ने: ६०,००० रुपये. हीच रक्कम पुष्कळदा ‘राजीनाम्याबद्दल देतो’ म्हणून पुढे केली जाते. ती मुळातच कामगाराची आहे. म्हणून कामावरून कमी केल्याचे पत्र मागावे, कोऱ्या कागदावर सही करू नये, दबाव आला तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

पीएफचे काम नोकरी चालू असतानाच उरकावे. आपल्या भागात शाळेचा दाखला मराठीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये आणि आधार यांपैकी कशावरून तरी इंग्रजीत टाइप केलेले. ‘चौगुले’च्या स्पेलिंगमध्ये एकीकडे ए, दुसरीकडे ओ, आधारवर वडिलांचे पूर्ण नाव, पीएफला नुसते आद्याक्षर. एवढ्यावरून क्लेम परत येतो. काही दुरुस्त्या ऑनलाइन होतात, पण जिथे मालकाची मान्यता लागते तिथे कारखान्याला कुलूप लागल्यावर ती कोणाकडून आणणार? पासबुकही दर महिन्याला पाहावे. मागच्या महिन्याचा पीएफ चालू महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. महिना सरला तरी नोंद नसेल तर लगेच विचारावे. ठेकेदाराकडच्या माणसांनी तर हे चुकवूच नये. नोकरी सुटल्याची तारीख मालकाने टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी कामगाराला ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.

कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलला काम मिळाले तर राज्य बदलते, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर बदलत नाही. नव्या ठिकाणी जुनाच नंबर द्यावा, ईएसआयचाही (कामगार विम्याचा). इकडे सहा वर्षे आणि तिकडे पाच, अशी सेवा जोडली तर अकरा होतात आणि पीएफच्या पेन्शनला लागणारी दहा वर्षे भरतात. मधल्या काळात फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले की मागची सहा वर्षे पुसली जातात. मूठभर पैशांसाठी हे करू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते.

आता हाताच्या कसबाचे. सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या यंत्रावर, तयार प्रोग्रॅममध्ये जॉब (घडवायचा भाग) लावणे-काढणे एवढेच येणारा ऑपरेटर आधी कमी होतो, यंत्र कामासाठी जुळवून देणारा सेटर शेवटपर्यंत टिकतो. हा फरक कामावर असतानाच भरून काढता येतो. ड्रॉइंग वाचून फिक्श्चर (जॉब पकडायचा साचा) बांधणे, वर्क ऑफसेट घेणे म्हणजे जॉबची जागा यंत्राला सांगणे, बोअर (भोक) मोजायचे गेज शून्यावर लावणे सेटरच्या शेजारी उभे राहून शिकावे. लेथवर इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे कापणारे टोक, झिजला की बाहेरचा व्यास वाढत जातो आणि बोअर बारीक होत जातो. व्यास २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) जादा आला तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात, उणे ०.०२० द्यायचे. हे ज्याला रिजेक्शन पडण्याआधी सुचते त्याला पलीकडच्या कारखान्यातही विचारतात. बायोडेटात नुसते ‘पाच वर्षांचा अनुभव’ लिहू नये. यंत्राचा कंट्रोलर फानुकचा की सीमेन्सचा, काम ओतीव कास्टिंगवर की सळईच्या बारवर, किती मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये (मापातल्या चालणाऱ्या फरकात) काम केले, सेटिंग स्वतः करता का, ते लिहावे. फौंड्रीतल्यांनी वाळूच्या चाचण्या शिकून घ्याव्यात. साच्याच्या वाळूचा ओलावा आणि परमिएबिलिटी (वाळूतून वायू किती जातो ते) मोजता येणारी माणसे थोडी आहेत.

उद्योजकांच्या संघटनांना विनंती, की उद्यमबागेत महिन्यातून एक दिवस मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत पीएफ-ईएसआयच्या नावदुरुस्तीचा कक्ष चालवावा, आणि तो पाळी सुटल्यावर संध्याकाळी ठेवावा. दुपारी ठेवला तर अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून कोणी येणार नाही.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव