बँड वाजलाच नाही

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय दिल्या,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठीक, बाबांचा गुडघा तसाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आमचं इक्सी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचाच एक प्रकार, फसलं. अंडी चांगली निघाली, प्रत्येकात शुक्राणू सुईने सोडला आणि दुसऱ्या दिवशी कळलं, एकही फलित नाही. सगळी मेटाफेज-२ मध्येच, म्हणजे शुक्राणूची वाट बघत विभाजन थांबतं त्या टप्प्यावर, अडकलेली. आमच्या घरात हे कुणाला सांगू? एमएस्सीला तू म्हणायचास, फलन म्हणजे दोन डीएनएंची गाठ, बाकी सगळा बँडबाजा. घे, डीएनए मांडवात पोचला आणि बँडच वाजला नाही!

बँड म्हणजे हा: शुक्राणूतल्या पीएलसी झीटा या प्रथिनाने अंड्यात कॅल्शियमच्या लाटा उठवायच्या, त्याने कॅमकायनेज-२ हे एन्झाइम जागं व्हायचं, त्याने एमी-२ला, विभाजन रोखून धरणाऱ्या प्रथिनाला, खूण करायची. एमी-२ मोडलं की प्रथिनं मोडीत काढायला लावणारं एपीसी मोकळं, अंड्याला थांबवून ठेवणारं सायक्लिन बी संपतं आणि अंडं विभाजन पुरं करतं. बेडकात कॅल्सिन्युरिन हे आणखी एक एन्झाइमही लागतं, हे तू सेमिनारला माझ्यावर ओरडून सांगितलं होतंस. २००९ मध्ये उंदरांच्या माद्यांतला कॅमकायनेजचा गॅमा जीन काढला, तर त्या वांझ निघाल्या. म्हणजे खोट अंड्यातही असू शकते. पण माझ्या रिपोर्टात गोल डोक्याचे शुक्राणू बरेच आहेत, आणि तसल्यांत झीटा नसतंच म्हण. डॉक्टरांचा रोख माझ्याकडेच आहे.

आणि आईने सप्तशृंगीला नवस बोललाय तो नीताच्या नावाने. रोज रात्री शतावरी घातलेलं दूध, साय काढून, नीतापुढे ठेवते आणि पेला रिकामा होईपर्यंत हलत नाही. नीता निमूट पिते. मी समोर बसून पेपर वाचतो, कालचा असला तरी. मी आईला सांगतो म्हटलं, तर नीता म्हणते, ‘नको, त्यांना सोसायचं नाही.’ तिने काय काय सोसायचं, याचा हिशोब कोण ठेवणार? यावरून आमचं दोनदा वाजलंय.

पुढच्या वेळी इक्सीनंतर अंडी कॅल्शियम आयनोफोरमध्ये, म्हणजे अंड्यातलं कॅल्शियम चढवणाऱ्या रसायनात, ठेवणार आहेत. त्याने मुलं झालीत, ठाऊक आहे. पण एरवी लाटा तासन्‌तास चालतात, इथे कॅल्शियम एकदाच चढणार. तेवढ्याने भागतं का, तुझ्या लॅबमध्ये कुणाला तरी विचार. इंटरनेटवर वाचून डोकं उठलंय.

रेवाला दहावीबद्दल शाबासकी सांग, राहूनच गेलं. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

दिवाळीला येशील तेव्हा आईशी तूच बोल. नीताला मी तयार करतो. आई तुला डॉक्टर समजते. पीएचडीवाला डॉक्टर वेगळा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
सुन्या