एपिडेमिऑलॉजिस्ट म्हणजे चामडीचा डॉक्टर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागला आणि आपल्या पेपरात करिअरचं पान आलं. सगळं वाचलं. एमबीबीएस, बीएएमएस, डेंटल, नर्सिंग, बीफार्म, इंजिनिअरिंगचे सतरा प्रकार, हॉटेल मॅनेजमेंट, सगळं आहे. आमच्या शेजारची पोरगी पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेऊन पास झालीय, नीटला काय आपलं जमणार नाही असं तिचं तीच म्हणते, ती पान घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही सारखं एपिडेमिऑलॉजिस्ट एपिडेमिऑलॉजिस्ट करता ते यात नाहीच की ओ, आणि ते म्हणजे चामडीचा डॉक्टरच ना?" मला हसू आलं पण राग पण आला, पोरीचा नाही, आपल्या पानाचा. एपिडेमिऑलॉजिस्ट म्हणजे रोग कुणाला, कुठं, किती आणि कशानं होतो ते आकड्यांनी शोधणारा माणूस. म्हणून हे पत्र, लांबलं तर कापा, पण भावाचा भाग कापू नका.

मी खानापूर तालुक्यात सरकारी लॅबमध्ये तीस वर्षं टीबीचा बेडका तपासला. बेडका म्हणताना लोक तोंड वाकडं करतात पण आमचं सगळं आयुष्य त्यातच गेलं. झाडूची काडी मोडायची, तिच्या टोकानं काचेच्या स्लाईडवर बेडका पसरायचा, वाळवायचा, गुलाबी रंग ओतून खालनं वाफ येईपर्यंत तापवायचं, मग ॲसिड, मग निळा रंग, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक करत शंभर फील्ड बघायचे. निळ्यावर गुलाबी काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. हा जंतू कॉख साहेबांनी १८८२ च्या मार्चमध्ये जगाला दाखवला, आणि मी नोकरीला लागले तेव्हा पण आम्ही जवळपास त्याच पद्धतीनं शोधत होतो, शंभरावर वर्षं होऊन गेलेली. त्यात एक मोठी खोट. एक मिली बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असतील तर मायक्रोस्कोपला दिसणार, कमी असतील तर माणूस आजारी असून आमच्या रजिस्टरला निगेटिव्ह. पोरांचा आणि एचआयव्हीवाल्यांचा टीबी तर कितीतरी वेळा असाच सुटतो. आणि कैक पेशंट बेडका म्हणून नुसती थुंकीच आणून देतात ते वेगळंच.

आता भावाचं. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होता. २००९ मध्ये खोकला सुरू झाला तो जाईनाच. मी स्वतः त्याचा बेडका दोनदा बघितला, काही नाही. तिथल्या डॉक्टरनं एका खाजगी लॅबात रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट आला टीबी पॉझिटिव्ह, छान कॉम्प्युटरवर छापलेला, त्यावर आकडे आणि खाली सही. (लॅबचं नाव लिहीत नाही, तेव्हा गावोगावच्या लॅब तेच करत होत्या.) मी म्हणलं बेडका निगेटिव्ह आहे, तर म्हणे मायक्रोस्कोपला सगळं दिसत नाही, आणि ते खरंच होतं ओ, मी काय बोलणार. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात डोळे पिवळे, जेवण बंद, लघवी चहासारखी. टीबीच्या गोळ्या लिव्हरला त्रास देतात ते मला ठाऊक होतं, तरी रिपोर्टवर विश्वास ठेवून मीच त्याला रोज आठवण करत होते गोळी घेतलीस का म्हणून. पुढं बेळगावात दुसऱ्या डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून बघितलं, वखारीच्या धुळीचा दमा निघाला. पंप सुरू झाला, वखार सुटली, आज बरा आहे.

ही रक्ताची टेस्ट चुकीची आहे हे मला कळलं ते दोन-तीन वर्षांनी, एका ट्रेनिंगमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ च्या जुलैमध्ये सांगितलं की टीबी ओळखायला या रक्ताच्या अँटीबॉडी टेस्ट (जंतूशी लढायला शरीर जी द्रव्यं करतं ती शोधणाऱ्या) वापरूच नका. ९४ अभ्यास तपासून सांगितलं, ६७ फुप्फुसाच्या टीबीवरचे आणि २७ बाकीच्या अवयवांवरचे. पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्यावर बंदी घातली. त्या ट्रेनिंगमध्येच एक नाव पहिल्यांदा ऐकलं, मधुकर पै. वेल्लोरच्या सीएमसीत कम्युनिटी मेडिसिन केलं, मग अमेरिकेत बर्कलेला एपिडेमिऑलॉजीत पीएचडी, आणि आता कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत. जगभरचे हे अभ्यास गोळा करून कुठली टेस्ट किती खरी बोलते आणि किती खोटी हे काढणाऱ्यांत हे आणि त्यांचे सहकारी पुढं. मला वाटलं, अरे, माझ्या भावाला वाचवू शकला असता असा माणूस हाच की, आणि याच्या हातात ना स्टेथोस्कोप ना सुई, नुसते आकडे!

पोरीला मी कुत्र्याचं उदाहरण दिलं. राखणीच्या कुत्र्यात दोन खोटी असतात, चोर आला तरी झोपलेलं, नाहीतर जावई आला तरी भुंकणारं. टेस्टचं पण तसंच. समजा हजार लोकांत दहाच खरे आजारी आहेत आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के बरोबर आहे. ऐकायला भारी वाटतं ना? दहातले नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० चांगल्या माणसांतल्या ९९ जणांवर पण ती भुंकेल. म्हणजे पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे नऊ. पोरीनं कागदावर तीनदा करून बघितलं, तिला वाटलं मी फसवतेय.

पै यांचं सुरुवातीचं एक मोठं काम आपल्या मराठी मुलखातलंच, वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलमधलं, २००५ मध्ये छापून आलं. तिथल्या ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली, डॉक्टर, नर्स, लॅबवाले, वॉर्डबॉय धरून, एक जुनी हातावर सुई टोचायची टेस्ट आणि एक नवी रक्ताची (अँटीबॉडीची नव्हे, ही वेगळी). दोन्हीत साधारण चाळीस टक्के लोक पॉझिटिव्ह. म्हणजे जंतू अंगात शिरलेला, पण आजार नाही. आपल्या देशात जंतू इतका पसरलाय की शिरलेला असणं वेगळं आणि टीबी होणं वेगळं, हे ज्या टेस्टला कळत नाही तिच्यावर गोळ्या सुरू करायच्या म्हणजे काय होतं ते मी घरात बघितलंय. आणि त्या ७२६ मध्ये माझ्यासारख्या लॅबवाल्या बायका पण असणार हे वाचून पोटात गोळा आला.

अजून एक काम त्यांच्या टीमचं, दिल्लीतलं, २०१५ मध्ये छापलेलं. साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन टीबीचा पेशंट बनवलं आणि डॉक्टरांकडं पाठवलं, तोच खोकला, तोच ताप, ठरलेलं बोलणं. २५० भेटींपैकी ५२ मध्येच डॉक्टरांनी टीबीसाठी करायला पाहिजे ते बरोबर केलं. आणि हे काय नवं नाही बघा, १९६० च्या सुमाराला बेंगळूरच्या नॅशनल टीबी इन्स्टिट्यूटवाल्यांनी आपल्याच राज्यात तुमकूर जिल्ह्यात विचारपूस केली होती, तेव्हाच दिसलं होतं की टीबीवाले निम्मे लोक आपणहून दवाखान्यात जाऊन आलेले आणि खोकल्याची बाटली घेऊन परतलेले. पन्नास वर्षं झाली तरी बाटली तीच.

नुसतं टीबीचं नाही. माकडतापाचं घ्या. १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांना ताप यायला लागला, पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या लोकांनी त्यातनं नवा विषाणू शोधला, गोचिडीतनं येणारा. पुढं २०१६ च्या आसपास गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत कामाला गेलेल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मजुरांना तो झाल्याचं निघालं. ते माणसं तापानं फणफणत घाट चढून परत येणार आणि गावच्या दवाखान्यात त्यांना काय लिहून मिळणार? टायफॉईड. विडाल पॉझिटिव्ह.

ही विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ताची टेस्ट, आमच्याकडची ग्रामदेवताच झालीय. १८९६ सालची टेस्ट. ताप आला की विडाल, विडाल आली की सलाईन, घरोघरी एकेकाला वर्षात दोनदा टायफॉईड! एकदाच घेतलेल्या रक्तावर विडालचा भरवसा धरू नये, जिथं टायफॉईड नेहमीचाच आहे तिथं चांगल्या माणसात पण ती वर दिसते, हे पुस्तकात कधीचं लिहिलेलं आहे. टीबीच्या रक्ताच्या टेस्टचा निकाल लागला तसा आपल्या भागात या टेस्टचा निकाल लावायला पण कोणीतरी बसायला पाहिजे की नको? महाराष्ट्रातल्या चंदगडची बाई बेळगावला येऊन दाखवते, रिपोर्ट कन्नडात, परत गेल्यावर तिकडच्या आशाताईला वाचता येत नाही, मग परत नव्यानं विडाल. असल्या गोष्टी मोजायला इथलाच माणूस लागतो, मराठी कन्नड कोकणी तिन्ही येणारा. आणि आपल्या पोरांना तिन्ही येतात.

चांगलं पण झालंय, तेही सांगते. रिटायर व्हायच्या आधी आमच्याकडं सीबीनॅटसाठी (बेडक्यात जंतूचा डीएनए शोधणारं मशीन) सॅम्पल जायला लागले, दोन तासात टीबी आहे का आणि मुख्य औषधाला दाद देत नाही का ते दोन्ही कळतं. आणि ट्रूनॅट, तसलंच छोटं मशीन, तर आपल्या चोर्ला घाटापलीकडं गोव्यात वेर्ण्याला बनतं, बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. पण मशीन नुसतं बनवून होत नाही, ते खरं बोलतंय का, कुणात बोलतंय, खेड्यात लाईट गेल्यावर बोलतंय का, हे बघणारी माणसं पण लागतात, आणि त्यांचंच नाव आपल्या पानावर नाही.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी अर्धा कॉलम द्या. लिहा की एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिन करता येतं (कॉलेजात त्याला पीएसएम म्हणतात आणि पोरं नाक मुरडतात), आणि पब्लिक हेल्थच्या एमपीएचला (मास्टर्स डिग्रीला) कैक ठिकाणी नर्सिंग, डेंटल, आयुर्वेदवाले पण घेतात. चेन्नईला आयसीएमआरची (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) एपिडेमिऑलॉजीचीच खास संस्था आहे. त्रिवेंद्रमला श्री चित्रा ही संस्था आहे, तिथं पण पब्लिक हेल्थ शिकवतात. स्टॅटिस्टिक्स चांगलं असलेल्या पोराला पण यात जागा आहे. पगार एमडी मेडिसिनवाल्याच्या प्रॅक्टिसएवढा नसेल, हेही लिहा, लपवू नका.

शेजारच्या पोरीला परवा घरी माझ्या जुन्या मायक्रोस्कोपला बसवलं. कांद्याच्या सालीची स्लाईड, जंतूबिंतू काही नाही. तिला शंभर फील्ड मोजायला सांगितले, चाळीसला मान दुखते म्हणून उठली, चहा पिऊन परत येऊन बसली आणि शंभर केले. स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक कुठं मिळेल म्हणून विचारून गेलीय.

भावाचा तो २००९ चा रिपोर्ट मी अजून जपून ठेवलाय. कोणाला अभ्यासाला पाहिजे असेल तर लॅबचं नाव झाकून झेरॉक्स देईन.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
खानापूर तालुका, जि. बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती)