खाण कन्सेशनचे गाठोडे फोडू नका

संपादक महोदय,

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांत जुनी घरे मोडताना पोर्तुगीजकालीन खाण कन्सेशनचे, म्हणजे सरकारने दिलेल्या खाणहक्काचे, कागद निघतात आणि एकेक करून विकले जातात. संग्राहकांना व घरमालकांना कळकळीची विनंती आहे, गाठोडे फोडू नका.

२० सप्टेंबर १९०६च्या वसाहती खाण कायद्यानुसार शोधाची नोंद, सीमांकनाचा नकाशा, मग कन्सेशनचा हक्कलेख, अशी ही साखळी. पुढे त्यात हस्तांतराची खते व कराच्या पावत्या जमतात. नकाशा वेगळा झाला की हक्कलेखातली हद्द प्रत्यक्ष डोंगरावर कुठे पडते, हे ठरवणे अवघड होते. १९८७च्या कायद्याने ही कन्सेशन्स २० डिसेंबर १९६१पासून रद्द करून त्यांना खाणपट्टे (लीज) मानले. म्हणून हे कागद निव्वळ हौसेचा विषय नाहीत.

कागद हाती आल्यावर क्रम न बदलता प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, शेजारी फूटपट्टी ठेवून. शिक्के व नोंदी पुष्कळदा पाठीमागे असतात. मोठा नकाशा आधी पूर्ण टिपावा, मग कडा एकमेकींवर येतील अशा तुकड्यांत. टी.सी. क्रमांक (कन्सेशनच्या हक्कलेखाचा क्रमांक) वर्षासह, गाव आणि तारीख वहीत लिहावी. मूळ कागदावर काही लिहायचेच तर मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात. एश्कुद या पोर्तुगीज चलनाच्या रकमेत मधोमध डॉलरसारखे चिन्ह दिसते. ते एश्कुद आणि सेंताव्ह (एश्कुदचा शंभरावा भाग) वेगळे करते, त्याला डॉलर समजू नये.

सर्वांत जास्त नुकसान लॅमिनेशनने होते: ते उष्णतेने चिकटते आणि कागद न फाडता निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून डाग सोडते. स्टेपलरच्या लोखंडी टाचण्या पावसाळ्यात गंजून कागद खातात. त्या ओढून न काढता पाय हळूच सरळ करून काढाव्यात. दमट कागद उन्हात टाकू नयेत, शाई फिकटते. सावलीत, हवेशीर जागी सुकवावेत. पावत्यांवरची मुद्रांक तिकिटे कापून विकणे तर फारच वाईट, कारण तारीख आणि सही बहुधा तिकिटावरूनच गेलेली असते.

७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतो. तो खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही, हे परदेशस्थ खरेदीदारांनी ध्यानात घ्यावे. ज्यांना सांभाळणे जमत नाही त्यांनी अख्खे गाठोडे, यादी जोडून, पणजीच्या पुराभिलेख खात्याशी बोलून त्यांच्याकडे द्यावे आणि यादीच्या प्रतीवर पोच घ्यावी.

— एक अभ्यासक, डिचोली