शेवटच्या पडद्यावरचे हाताळणी शुल्क : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

कॅश ऑन डिलिव्हरीवर जादा पैसे घेणाऱ्या कंपन्यांची चौकशी सुरू केल्याचे आपण ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेत. त्याआधी जूनमध्ये ऑनलाइन कंपन्यांना आपल्या साइटवर ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी मांडणी) आहेत का, याची तीन महिन्यांत स्वतःच तपासणी करायला सांगितले होते. तरीही पत्ता, पिनकोड, फोन नंबर सगळे भरून झाल्यावर शेवटच्या पडद्यावर ‘हँडलिंग फी’ उगवते, ती उगवतेच. ज्याने पैसे घेतले त्यालाच स्वतःची तपासणी करायला लावली, तर दुसरे काय होणार?

कायदा नाही असेही नाही. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात द्यायची आणि डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर यांची फोड दाखवायची. २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांनी किंमत अशी तुकड्यातुकड्याने उघड करण्यालाच मनाई केली आहे.

पार्सलचा खर्च खरा असतो, तो कोणी नाकारत नाही. पण तो ठरतो कसा, हे बघा. बहुतेक कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ते वजन आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्यावर बिल, तेही अर्ध्या किलोच्या टप्प्याने वर चढवून. कोल्हापुरी चपलांचा जोड खोक्यासकट ८०० ग्रॅम भरला, पण खोका ३५ × २५ × १२ चा असला तर हिशेब २.१ किलोचा होतो आणि बिल अडीच किलोचे. उंची एकच सेंटिमीटर कमी केली की तेच पार्सल दोन किलोत बसते. ३० × २२ × १० च्या खोक्यात घातले तर दीड किलोत. मापाचे खोके ठेवायचा कंटाळा विक्रेत्याचा आणि भुर्दंड खरेदीदाराला! बिलावर मात्र ना खोक्याचे माप, ना आकारलेले वजन.

हाताळणी म्हणजे खोका, टेप, लेबल आणि पॅक करणाऱ्याची मजुरी. दोन जोड एकाच खोक्यातून गेले तरी हे शुल्क दोनदा का? ग्राहकाने पार्सल नाकारले की कुरिअरवाला जाण्याचे आणि परतीचे, दोन्ही भाडे विक्रेत्याकडून घेतो. ते नुकसान मग आधीच पैसे भरलेल्या माणसाच्या डिलिव्हरी चार्जमध्ये मुरते. ‘फ्री डिलिव्हरी’तही हाच खर्च वस्तूच्या किमतीत बसवलेला असतो.

पुस्तकांचे हाल तर वेगळेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कुरिअरच्या बिलावर मात्र १८ टक्के, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे विक्रेत्याला त्याची वजावट मिळत नाही. टपाल खात्याची पुस्तकांसाठीची स्वस्त सोय, रजिस्टर्ड बुक पोस्ट, डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली, ३०० ग्रॅमला २० रुपये. पण त्यात कोणती पुस्तके बसतात यालाही मर्यादा आहे. टपाल खाते आपले नाही, हे मान्य. पण एका मंत्रालयाने स्वस्त वाट बंद करायची आणि दुसऱ्याने महाग वाटेच्या पावतीचे नियम लिहायचे, असे किती दिवस चालणार? दोन्हीकडे खिसा एकाच माणसाचा रिकामा होतो.

त्यामुळे चार गोष्टी सक्तीच्या करा. पिनकोड वस्तूच्या पहिल्याच पानावर विचारावा आणि तिथेच अखेरची रक्कम दाखवावी. बिलावर खोक्याचे माप आणि आकारलेले वजन छापावे. हाताळणी शुल्क खोक्यामागे घ्यावे, नगामागे नाही. आणि सदोष माल परत गेला तर डिलिव्हरी व हाताळणीचे पैसेही परत मिळावेत. आज अनेकदा नेमके तेच कापले जातात.

आणि त्या चौकशीत कोणी किती वसूल केले, ते कंपनीनिहाय जाहीर करा. ते पैसे ज्यांच्याकडून घेतले त्यांचे पत्ते आणि फोन नंबर कंपन्यांकडे आहेतच.

आपला,
एक ग्राहक