पुडीच्या कागदावरचा शिक्का

काका, साष्टांग नमस्कार.

काल आईचा रिपोर्ट आला. यकृताची एसजीपीटी ३१, म्हणजे प्रमाणात. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या आईने रिक्षा तुमच्या काष्ठौषधींच्या दुकानाकडे घ्यायला लावली, पण गुरुवार असल्यामुळे फळ्या लागलेल्या होत्या. म्हणून हे पत्र. चारचौघांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण समोर आले तर तुम्ही मला बोलू देणार नाही. "असू दे, असू दे" म्हणत पुढच्या गिऱ्हाइकाची पुडी बांधायला घ्याल.

आमच्या घरात औषध पहिल्यापासून स्वयंपाकघरातच. आजीची सहाण अजून माझ्याकडे आहे. बाळगुटी उगाळताना ती हिरड्याचे किती वेढे, मुरडशेंगेचे किती, वेखंडाचा कसा अर्धाच, हे पुटपुटत मोजायची. घरात खोकला आला की अडुळसा, पोट दुखलं की ओवा. हे सगळं मी तिच्याकडून घेतलं आणि त्याचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

२०२० साली आयुष मंत्रालयाने काढा सांगितला तेव्हा शेजारपाजारच्या पाच घरांत तो मीच पोचवायचे. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका. त्यात गुळवेल मंत्रालयाने सांगितला नव्हता, तो मी घातला. परसातल्या कडुलिंबावर चढलेला, लिंबावरचा म्हणजे सगळ्यात गुणाचा. लॉकडाऊन संपला, शेजारच्यांचा काढा बंद झाला, आमचं पातेलं मात्र चुलीवरून उतरलंच नाही. आईचे गुडघे धरले तसा गुळवेलाचा तुकडा बोटभराचा वीतभर झाला आणि एकदाचा काढा दोनदा. मी रोज उकळत होते, आई रोज पीत होती.

गेल्या श्रावणात तिचे डोळे पिवळे झाले.

पुढचे बारा दिवस मी विसरणार नाही. ज्यांच्या व्हिडिओवरून मी काढ्याचं प्रमाण वाढवलं, त्यांना फोन लावला. "आयुर्वेदाचा कधीच अपाय होत नाही, चालू ठेवा," म्हणाले, आणि पुन्हा फोन उचलला नाही. एका डॉक्टरांसमोर काढा हा शब्द उच्चारला तर त्यांनी पेन खाली ठेवलं. आईच्या देखत मला म्हणाले, "आईला तुम्हीच विष पाजलंत." काय पाजलं, किती पाजलं, हे विचारलंच नाही. त्या अपमानानंतर मी दुसरीकडे काढ्याचं नाव काढेना. मग भावकीतल्या कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने आईच्या हाताला कसलासा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि पाणी पिवळंधमक झालं. कावीळ उतरली म्हणाला, पाचशे रुपये घेतले. तो पिवळा रंग रस आणि चुन्याचा होता, हे मला नंतर कळलं. आईचे डोळे तसेच होते.

तुमच्याकडे मी मदत मागायला आलेच नव्हते. काविळीवर भुईआवळी मागायला आले होते. तुम्ही बरणीचं झाकण उघडलं आणि विचारलं, "कुणाला?" मी सांगितलं. तुम्ही झाकण पुन्हा लावलं. "भुईआवळी पळून जात नाही. आधी बस." आणि गल्ल्यामागचं तुमचं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. दुकानात चार माणसं उभी होती. त्यांना तुम्ही थांबायला सांगितलंत.

मी सगळं सांगितलं. पिशवीत वेलाचा तुकडा होता, कुणी विचारेल म्हणून बारा दिवस बरोबर घेऊन हिंडत होते. तुम्ही पेपर पसरलात, वेल नखाने खरवडलात. वरची पातळ साल सुटली, खाली हिरवा गर. अडकित्त्याने कापून दोन्ही तोंडं मला दाखवलीत. दूध नाही, अंगावर फोडांसारख्या गाठी नाहीत. म्हणालात, "वेल खरा आहे. ओळखायला तू चुकली नाहीस." बारा दिवसांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. मग म्हणालात, "तुझी आजी वेढे मोजायची ना? तू मोजणं कधी सोडलंस?" त्या शब्दांत दोष होता, पण त्यात मला ढकलून देणं नव्हतं. मी तिथेच रडले.

मग तुम्ही पुडीचा कोरा कागद ओढलात आणि कानावरची पेन्सिल घेतलीत. गुळवेल, ताजा, लिंबावरचा, वीतभर, दोन वेळा, इतके महिने. सुंठ, मिरी, दालचिनी, किती, कुठून. थायरॉइडची गोळीही तुम्हीच विचारून लिहिलीत. म्हणालात, "हा कागद मोठ्या दवाखान्यात दे. लाजून काही लपवू नकोस."

आणि मग जे केलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. सुंठ, मिरी, दालचिनीपुढे तुम्ही लिहिलंत, "हा माल माझ्या दुकानातला." खाली फोन नंबर लिहिला आणि गल्ल्यातून शिक्का काढून त्यावर दुकानाचा शिक्का मारलात. जांभळी शाई वाळेपर्यंत फुंकर घातलीत. मी म्हटलं, काका, तुमचं नाव कशाला? तर म्हणालात, "माल मी दिलाय. डॉक्टरांना शंका आली तर बरण्या इथेच आहेत, तपासू देत." ज्याने त्याने हात झटकलेले असताना, ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं त्या माणसाने स्वतःहून आपलं नाव पुढे केलं. काका, एवढा सरळपणा मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे. पैसे घेतले नाहीत, भुईआवळीही दिली नाही. औषध विकणाऱ्याने औषध न देता परत पाठवणं याला केवढी नियत लागते!

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तो कागद दोनदा वाचला. "असं लिहून आणणारे पेशंट मला हवेत," म्हणाल्या. पुढच्या तपासण्या नेमक्या त्या दिशेने झाल्या. आईला थायरॉइड आधीपासूनच, शरीराची प्रतिकारशक्ती तिच्याच यकृतावर उलटली होती आणि इतके महिने रोज घेतलेल्या वेलाने तिला डिवचलं असावं, असं त्यांनी समजावलं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच गुळवेल घेणाऱ्या अशा सहा रुग्णांबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. गुळवेल सुरक्षित आहे, पण त्याच्यासारखाच दिसणारा, दूध निघणारा, गाठीगाठींचा टिनोस्पोरा क्रिस्पा घातक ठरू शकतो, असं मंत्रालयाने २०२२ मध्ये सांगितलं. आमचा वेल तर खरा होता. हा वाद माझ्या पातेल्यापर्यंत कधी पोचलाच नाही, हे मात्र मला फार लागलं.

आई घरी आल्यावर मी तुमच्याकडे शिकायला येऊ लागले, तेव्हाही तुम्ही कंटाळला नाहीत. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आच, झाकण न ठेवता, हे शार्ङ्गधरसंहितेतलं प्रमाण तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ज्या शास्त्राच्या नावाने "अपाय नाही" सांगतात, त्याच शास्त्रात मात्रा, काळ, अनुपान म्हणजे कशाबरोबर घ्यायचं ते, सगळं मोजून दिलेलं आहे! आता माझ्या प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख असते. अडुळसा खोकल्यापुरता, आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर आधी थुंकीची तपासणी. थायरॉइड, साखर, रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्या कुणालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देत नाही. शेजारच्या बायकांना मी आता काढा पोचवत नाही, तुमच्यासारखी वहीत लिहून देते.

कागद आईच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. पेन्सिल पुसट झाली, शिक्का तसाच आहे.

पाडव्याला तुमचं दुकान बंद असतं ना? आई म्हणते, सकाळी गुढी उभारायच्या वेळेला काकूंना घेऊन या. लिंब यंदा भरभरून मोहरला आहे, वेलही तसाच वर चढलेला आहे, तोडला नाही. चटणी मी वाटणार आहे. आईला किती द्यायची ते डॉक्टरबाईंना विचारून ठेवलं आहे, चिमूटभर.

तुमची,
भुईआवळी मागायला आलेली