कार्डिनसाहेब, नावानिशी नोंद ठेवल्याबद्दल आभार

आदरणीय बेन कार्डिनसाहेब,

सप्रेम नमस्कार.

३ जानेवारी २०२५ला अमेरिकन सिनेटमधली तुमची मुदत संपली. निरोपाची भाषणं झाली, लेख आले. ती गर्दी ओसरू दे, मग लिहू, असं ठरवलं होतं. मी मूळचा ठाण्याचा, आता रॉकव्हिलला राहतो. तुमच्या मेरीलँडचा मतदार आणि पेशानं अकाउंटंट. आभार मानायचेत ते मुख्यतः या पेशाच्या नात्यानं.

तुमच्याबद्दल बोलताना लोक आधी ५८ वर्षांचा आकडा सांगतात. १९६७मध्ये, तेविसाव्या वर्षी, राज्याच्या विधिमंडळात; तिथं सभापतिपद; मग प्रतिनिधिगृहात वीस वर्षं आणि सिनेटमध्ये अठरा. एकही निवडणूक हरला नाहीत. पण पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची टिकवणारे पुढारी आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांनी भरपूर पाहिलेत, त्याचं मला फारसं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते सर्गेई माग्नीत्स्कीच्या नावाच्या कायद्याचं.

माग्नीत्स्की आमच्याच धंद्यातला. मॉस्कोत कर सल्लागार होता. २००७मध्ये त्याच्या अशिलाच्या आणि त्याच्या स्वतःच्या फर्मच्या कचेरीवर छापे पडले आणि कंपन्यांचे शिक्के, मूळ कागदपत्रं पोलिसांनी उचलून नेली. थोड्याच महिन्यांत त्या कंपन्या परस्पर भलत्याच माणसांच्या नावावर झाल्या. मग खोटे करार, खोटे दावे, खोटा तोटा. तोटा आहे म्हटल्यावर आधी भरलेला कर परत मागायचा! २३ कोटी डॉलरचा रिफंड, आणि तो ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, एका दिवसात मंजूर. रिफंडच्या फायलीमागे ज्यानं कधी धावपळ केली आहे, त्याला ‘एका दिवसात’ हे शब्द वाचूनच सगळं कळतं. माग्नीत्स्कीनं कागदाला कागद जोडत हे शोधलं आणि साक्षीत अधिकाऱ्यांची नावं घेतली. नोव्हेंबर २००८मध्ये अटक त्यालाच झाली. वर्षभरात, १६ नोव्हेंबर २००९ला, तो कोठडीत मेला. वय ३७. पोटाच्या दुखण्यावर त्याला धड उपचार मिळाले नव्हते. पुढे २०१३मध्ये रशियन न्यायालयानं या मेलेल्या माणसाला करचुकवेगिरीत दोषी ठरवलं.

निषेधाचं पत्रक कोणीही काढतो. तुम्ही एप्रिल २०१०मध्ये परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना यादी पाठवलीत: साठ अधिकारी, नावानिशी, यांचे व्हिसा रोखा म्हणून. मला भावली ती ही रीत. ‘रशियन सरकार’ असं मोघम काही नाही. कोण, कुठल्या पदावर, काय केलं. लूट तिकडे करायची आणि पैसा, मुलं, बंगले इकडे ठेवायचे, तर इकडचं दार बंद. डिसेंबर २०१२मध्ये त्याचा कायदा झाला. सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ४. चार वर्षांनी, जॉन मॅकेन यांच्या साथीनं, तोच नियम साऱ्या जगाला लागू झाला. मग कॅनडा, ब्रिटन, युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया यांनीही असेच कायदे केले. २०१७च्या पहिल्या जागतिक यादीत गांबियाचा माजी हुकूमशहा होता आणि काँगोच्या खाणींत हात असलेला एक इस्रायली अब्जाधीशही. तुम्ही स्वतः ज्यू; तरी तुमच्या कायद्याखालची यादी करताना धर्म पाहिला गेला नाही, हे नोंदवून ठेवतो.

या कायद्याची एक गंमत फार थोड्यांना माहीत असेल. सोव्हिएत ज्यूंना देश सोडू देत नाहीत म्हणून १९७४मध्ये अमेरिकेनं रशियाच्या व्यापारावर अट घातली होती. ती अट उठवतानाच त्याच विधेयकात माग्नीत्स्कीचा कायदा घातला गेला. ज्यांचे आजी-आजोबा रशियातून बाल्टिमोरला आले, त्या तुमच्या हातून हे व्हावं, यात मला अर्थ दिसतो.

ज्यूद्वेषाबाबतही तुमचा आग्रह तोच: नेमकी नोंद. युरोपातल्या मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या हेलसिंकी आयोगावर तुम्ही १९९३पासून होतात, आणि २०१५मध्ये युरोपीय सुरक्षा संघटनेच्या संसदीय सभेनं ज्यूद्वेष, वंशवाद आणि असहिष्णुता या तिन्हींसाठी तुम्हाला विशेष प्रतिनिधी नेमलं. या संघटनेच्या देशांनी २००४मध्ये बर्लिनला कबूल केलं होतं की अशा गुन्ह्यांची आकडेवारी ठेवू. दगड कुणाच्या खिडकीवर पडला, हे पोलिसांच्या वहीत नुसतं ‘मालमत्तेचं नुकसान’ म्हणून गेलं की पुढचं सगळं बुडालंच. सदर चुकलं की ताळेबंद खोटा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

मी ठाण्यात वाढलो. सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या सिनेगॉगवरून रोज शाळेत जायचो. वर्गातले बेने इस्राएल मित्र पेणकर, किहीमकर अशा आडनावांचे, घरी मराठीच बोलणारे. ज्यूद्वेष आम्हाला इतिहासाच्या पुस्तकापुरता ठाऊक. नोव्हेंबर २००८मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये माणसं निवडून मारली गेली, तेव्हा तो शब्द आमच्या लोकलच्या अंतरावर आला. तुमच्या कामाकडे मी लक्ष द्यायला लागलो ते त्यानंतर.

तुमचं सगळंच पटलं असं नाही. २०१७चं इस्रायल-बहिष्कारविरोधी विधेयक मला पटलं नव्हतं. बहिष्कार टाकणं हा नागरिकाचा हक्क आहे, स्वदेशीसाठी परदेशी कापडाच्या होळ्या पेटवलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला तरी असंच वाटणार. नागरी हक्कवाल्या मंडळींनीही त्याला विरोध केला होता. ते बारगळलं, बरं झालं.

एक बारगळलं त्याचं मात्र वाईट वाटतं. रंग, वंश, धर्म पाहून पोलिसांनी माणसं अडवू नयेत, यासाठीचं विधेयक तुम्ही २०११मध्ये मांडलंत, पुढेही मांडत राहिलात. ते कधी पार झालं नाही. विमानतळावर ‘जरा बाजूला या’ ऐकायची सवय झालेल्या आमच्यासारख्यांच्या वतीनं त्या खटपटीचेही आभार. तुमच्या जागी आलेल्या अँजेला ऑल्सोब्रुक्स यांना याबद्दल वेगळं पत्र लिहितो आहे. त्यात तुमच्या विधेयकाचा उल्लेख असेल. तुम्हीही एक शब्द टाकलात तर कामाला येईल.

आपला नम्र,
रॉकव्हिलचा एक अकाउंटंट